शकावलीतला शुक्रवार

ऐतिहासिक कादंबरीची समीक्षा करताना आपण भाषा, संवाद, व्यक्तिचित्रण यांवर भरभरून लिहितो. वार मात्र कोणी तपासत नाही. वास्तविक जुन्या कागदाची पारख करताना वार ही फार मोठी कसोटी आहे. तिथीचा क्षय होतो, महिना अधिक येतो. पण सात वारांचे चक्र पंचांगात, हिजरी सनात आणि इंग्रजी दिनदर्शिकेत सारखेच, अखंड फिरत असते.

या दृष्टीने लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये उजेडात आणलेली जेधे शकावली पुन्हा वाचावी. शके १५४० ते १६१९ या काळाच्या या नोंदी वाङ्मय म्हणून अगदी कोरड्या आहेत. ना अलंकार, ना भावनेचा उमाळा. पण शिवजन्माची नोंद करताना शकावलीकार शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया एवढ्यावर थांबत नाही. तो शुक्रवार हा वारही देतो. बखरकार पुष्कळ सांगतो. शकावलीकार थोडेच सांगतो, परंतु ते पडताळता येईल असे सांगतो. हाच तिचा वाङ्मयीन गुण, असे आम्हांस वाटते.

आता पडताळा पाहू. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो; मात्र जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. म्हणून फाल्गुन १५५१ म्हणजे १६३०, तारीख १९ फेब्रुवारी. ही तारीख आज प्रचलित असलेल्या गणिताने संगणकात घातली, तर वार येतो मंगळवार! मग ‘शकावली खोटी’ असा निकाल देणारे निघतात.

चूक शकावलीची नाही. शिवकालात इंग्रज जुनी, ज्युलियन गणना वापरीत आणि आपल्या इतिहासकारांनी तीच रूढ ठेवली. नवी ग्रेगोरियन गणना त्या वेळी दहा दिवसांनी पुढे होती. इंग्लंडने ती १७५२ मध्ये स्वीकारली. तेव्हा २ सप्टेंबर बुधवारनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला, पण वार गुरुवारच राहिला. तेव्हा १९ फेब्रुवारीचा १ मार्च करून हिशेब मांडावा. नव्या गणनेने १ जानेवारी १६०० रोजी शनिवार. पुढील तीस वर्षांचे वाढीव वार ३०, लीप वर्षांचे ८, आणि १ मार्चपर्यंतचे दिवस ५९, एकूण ९७. सातांनी भागून बाकी सहा. शनिवारपासून सहावा वार शुक्रवार! शकावलीकार उत्तीर्ण.

राज्याभिषेकाची नोंद तर अधिकच बोलकी आहे. रायगडावर हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडनची तारीख ६ जून १६७४. पोर्तुगालने १५८२ मध्येच नवी गणना घेतली असल्यामुळे कारवारच्या इंग्रजांची ६ जून ती गोव्याच्या पोर्तुगीजांची १६ जून. वार दोघांचाही शनिवार. शकावली मात्र ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार म्हणते. आपण उत्सव करतो तो त्रयोदशीला. हा विरोध आहे काय? मुळीच नाही. तीन घटका रात्र उरली असता राजे सिंहासनी बसले, असे शकावलीच नोंदवते. तीन घटका म्हणजे बहात्तर मिनिटे. इंग्रजांचा शनिवार मध्यरात्री सुरू झाला होता. आपला वार सूर्योदयाला बदलतो. वरवर दिसणारी विसंगती हाच येथे अचूकपणाचा पुरावा ठरतो.

आपल्या सीमाभागात मराठी व कानडी पंचांगे एकच अमान्त महिना मानतात. म्हणून आपली फाल्गुन वद्य तृतीया ती शेजाऱ्याची फाल्गुन बहुळ तृतीया. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या हिंदी पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो. तेथे हीच तिथी चैत्र कृष्ण तृतीया होते. नावे बदलली तरी शुक्रवार बदलत नाही. जयंतीच्या तारखेवरून वाद घालण्यापूर्वी एवढे जरी ध्यानात घेतले, तरी निम्मे वाद मिटतील.

म्हणून ऐतिहासिक लेखन करणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच की, तारीख द्याल तेथे ती जुन्या गणनेची की नव्या, हे लिहा. आणि जोडीला वार द्या. वार गाळणे म्हणजे साक्षीदार घरी पाठवून खटला चालवणे होय.