शेजाऱ्याला काय दाखवायचं?

मंडळी, आजचा विषय ऐकायला जरा लांबचा वाटेल. शेजारी देशांतल्या संस्थांनी एकमेकांचं ज्ञान वाटून घ्यावं म्हणून जी अनुदानं दिली जातात, त्यांचं प्रत्यक्षात काय होतं? पिंपळगाव राजात बसून नेपाळ-बांगलादेशाची उठाठेव कशाला, असं कुणी म्हणेल. पण ही वाट आपल्या गावच्या सोसायटीवरूनच जाते, तेव्हा थोडा दम धरा.

पुण्यात वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आहे. तिच्याच आवारात ‘सिक्टॅब’ नावाचं केंद्र आहे, कृषी बँकिंगमधल्या आंतरराष्ट्रीय सहकार्याचं आणि प्रशिक्षणाचं. स्थापना १९८३. भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका इथल्या शेतीकर्ज आणि सहकाराशी संबंधित संस्था त्याच्या सभासद. याखेरीज केंद्र सरकारची ‘आयटेक’ योजना १९६४ पासून चालू आहे. तिच्यात परदेशी अधिकाऱ्याचं विमानभाडं, फी, राहणं-जेवण सगळं भारत सरकार बघतं. कल्पनेत खोट काढावी असं काही नाही. सार्कची शिखर परिषद २०१४ नंतर भरलेली नाही. अशा काळात संस्थांच्या पातळीवर लोक एकमेकांना भेटत राहतात, ही लहान गोष्ट नव्हे.

आमचा आक्षेप वेगळा आहे. अशा अनुदानात मोजलं काय जातं? किती अधिकारी आले, किती दिवस राहिले, किती व्याख्यानं झाली. मोजमापच असं असलं की यजमानाचा हात आपोआप चांगल्या कपाटाकडे जातो. पाहुणा आला की आपण घरातली फुटकी कपबशी थोडीच पुढे करतो! महाराष्ट्राकडे दाखवायला भरपूर आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला प्रवरानगरचा साखर कारखाना घ्या. यशस्वी दूध संघ घ्या. ते दाखवावंच. पण ज्याला शेतीकर्जाची बँक चालवायची आहे, त्याला कारखान्याची चिमणी बघून किती कळणार?

त्याला खरं तर बुलडाण्यात आणायला हवं. २०१२ साली आपल्या जिल्हा मध्यवर्ती बँकेला रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. नागपूर आणि वर्ध्याचीही तीच गत. ठेवी अडकल्या. जिल्हा बँक अडली की तिच्या पैशावर चालणारी गावची सोसायटीही अडते, आणि सोसायटी अडली की कपाशी-सोयाबीनवाल्याला पेरणीच्या तोंडावर पीककर्ज कुठून मिळणार? राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात रांग, नाहीतर सावकार. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या अशा २३ बँका सावरायला २,३७५ कोटींची योजना मंजूर केली, केंद्र, राज्यं आणि नाबार्ड मिळून. त्यांतल्या तीन महाराष्ट्रातल्या, म्हणजे वर सांगितलेल्याच. पुढे परवाना मिळाला, व्यवहार सुरू झाले. पण मधली वर्षं कुणी भरून दिली?

आता या पडझडीत शिकण्यासारखं केवढं आहे बघा. ‘अनिष्ट तफावत’ हा शब्द सोसायटीच्या गटसचिवाला पाठ असतो: संस्था बँकेला जेवढं देणं लागते, त्यापेक्षा सभासदांकडून तिचं येणं कमी. ही तफावत कशी वाढत जाते, संचालक मंडळ कुठे डोळेझाक करतं, कर्जमाफीची नुसती चाहूल लागली तरी वसुली कशी थंडावते, हे सगळं त्याच्या बोलण्यात सापडतं. एवढं जाणकार माणूस कुठल्या परिषदेत वक्ता म्हणून बसलेलं तुम्ही पाहिलंय? त्याच्याकडे इंग्रजी नाही, सादरीकरण नाही, पदही लहान. अनुदानाच्या भाषेत तो ‘तज्ज्ञ’ ठरत नाही.

आणि शिकवण्याचा मक्ता काही आपल्याकडेच नाही. नेपाळच्या कृषी विकास बँकेने १९७५ मध्ये धनुषा आणि नुवाकोट जिल्ह्यांत लहान शेतकऱ्यांचे गट बांधायला सुरुवात केली. नव्वदच्या दशकात धादिंग जिल्ह्यात या गटांच्या सहकारी संस्था केल्या आणि कारभार बँकेच्या नोकरांकडून शेतकऱ्यांच्या हाती दिला. २००१ साली त्यातून साना किसान विकास बँक निघाली. तिच्या भागधारकांत याच गावपातळीच्या संस्था आहेत. आपल्याकडेही जिल्हा बँकेच्या मालक कागदोपत्री सोसायट्याच. मग तिथे निराळं काय घडलं? हे बघायला इथला गटसचिव तिकडे जायला हवा, आठवड्याभराच्या सहलीला नव्हे, एका कर्ज-हंगामापुरता.

नेपाळात सगळं आलबेल आहे, असंही कुणी समजू नये. गेल्या काही वर्षांत तिथल्या अनेक बचत सहकारी संस्था बुडाल्या आणि ठेवीदार स्वतःच्याच पैशासाठी आंदोलनं करताहेत. म्हणजे आज त्यांना आपल्याकडून हवं असेल तर ते प्रवरानगर नाही. अडकलेल्या ठेवी मोकळ्या कशा झाल्या, पहिला पैसा कुणाला मिळाला, म्हाताऱ्या ठेवीदाराला किती हेलपाटे पडले, परवाना परत मिळेपर्यंत गावच्या सोसायटीने दिवस कसे काढले, हे हवं. ते सांगणारी माणसं याच खामगाव तालुक्यात आहेत. पुण्याच्या त्या वर्गात त्यांना बोलवायला अनुदानाच्या अर्जात फार तर एक रकाना वाढवावा लागेल, आणि एक दुभाषा.