‘काही सापडले नाही’: मराठी डिजिटल संग्रहांच्या शोधव्यवस्थेविषयी

दोनेक वर्षांपूर्वी बी.ए.ला असलेला गावातला एक मुलगा माझ्याकडे आला. त्याला प्रकल्पासाठी दिग्रसचा जुना इतिहास हवा होता. संगणकावर त्याने आधीच शोधून पाहिले होते. “काका, आपल्या गावाचं काहीच नाही जी. विषय बदलून घेतो,” तो म्हणाला. तीन संग्रहांच्या शोधचौकटीत त्याने ‘दिग्रस’ हा शब्द टाकला होता आणि तिन्ही ठिकाणी एकच उत्तर आले होते: काही सापडले नाही.

‘नाही’ आणि ‘सापडले नाही’ यांत फरक आहे. आपले डिजिटल संग्रह तो फरक वाचकाला दाखवत नाहीत, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

दिग्रसचेच उदाहरण घेऊ. 1853 पासून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात असले तरी नावाने निजामाचे होते. म्हणून ए. सी. लायल यांचे 1870 चे गॅझेटिअर ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ या नावाने निघाले. आजचा विद्यार्थी ‘विदर्भ’ किंवा ‘महाराष्ट्र’ असे शब्द घेऊन शोधतो, ते त्या शीर्षकात कुठून असणार? आपला जिल्हा 1905 पर्यंत ‘वणी’ म्हणून ओळखला जाई, आणि इंग्रजी कागदांत त्याचे ‘वून’ झाले. पुढे यवतमाळ नाव आले, पण 1908 च्या गॅझेटिअरवर त्याचे स्पेलिंग आजच्यासारखे नाही, ‘येओतमाळ’ असा उच्चार व्हावा असे आहे. दिग्रस स्वतः तालुका होण्याआधी दारव्हा तालुक्यात होते, म्हणजे कित्येक कागद दारव्ह्याच्या नावाखाली असणार. हे सगळे ज्याला आधीच माहीत आहे, त्यालाच शोधचौकट उपयोगी. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी ती बंद दार आहे, आणि शोधायला येतो तो तर न माहीत असलेलाच.

जुन्या ग्रंथालयात असे होत नसे. कार्डांच्या कपाटाचा खण ओढला की एका विषयाची कार्डे किती जाड आहेत हे बोटांनाच कळे. इतिहासाचा खण गच्च भरलेला, शेतीचा अर्धा रिकामा. हवे ते कार्ड मिळाले नाही तरी शेजारचे दिसे. शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ (पहिला खंड 1943, त्यात 1800 ते 1937 पर्यंतची पुस्तके) चाळतानाही हेच घडते. विषयवार रचनेमुळे एका विषयात मराठीने किती लिहिले आणि कुठे लिहिलेच नाही, हे पाने उलटता उलटता लक्षात येते. मी ग्रंथालयशास्त्र शिकलेलो नाही. जे थोडेफार कळते ते या सूचीची पाने उलटून.

पडद्यावरही हे करता येते. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाचे बेन श्नायडरमन यांनी 1996 मध्ये त्याचा क्रम सांगितला: आधी संपूर्ण संग्रहाचे एकत्र दर्शन, मग हव्या भागाच्या जवळ जाणे आणि नको ते गाळणे, तपशील शेवटी आणि मागितला तरच. त्याच्या दोन वर्षे आधी त्यांनी आणि क्रिस्टोफर आल्बर्ग यांनी चित्रपट शोधण्याची एक सोय करून दाखवली होती. तिच्यात प्रत्येक चित्रपट म्हणजे एक ठिपका, आडव्या अक्षावर वर्ष, उभ्यावर लोकप्रियता. पट्ट्या सरकवल्या की ठिपके कमी-जास्त होत, आणि वापरणाऱ्याला काहीही टंकावे लागत नसे.

हे आपल्या लोकांना झेपेल का, असे कोणी विचारले तर मी ‘महाभूनकाशा’कडे बोट दाखवतो. जिल्हा, तालुका, गाव निवडले की गावाचा नकाशा समोर येतो. नकाशा मोठा करायचा, आपल्या तुकड्यावर बोट ठेवायचे, माहिती उघडते. गट क्रमांक विसरलेला शेतकरीसुद्धा नाल्याच्या वळणावरून आपले वावर ओळखतो. श्नायडरमनचे नावही न ऐकलेली माणसे त्यांचाच क्रम रोज वापरत आहेत. जमिनीच्या बाबतीत जे जमले ते पुस्तकांच्या बाबतीत का जमू नये?

एक अडचण मात्र खरी आहे. चित्र नोंदींवर उभे राहते आणि आपल्या नोंदीच कच्च्या आहेत. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ने लाखो पुस्तके स्कॅन केली. हे काम थोर आहे, मी स्वतः त्याच्या जिवावर वाचतो. पण मराठी शीर्षके रोमन लिपीत, ज्याने त्याने आपल्या कानाप्रमाणे टंकलेली. एकाच लेखकाची चार रूपे, आणि वर्षाच्या जागी कुठे शून्य तर कुठे भलताच आकडा. यांचा आलेख काढला तर एक लेखक चार माणसे होऊन दिसेल. तरीही आलेख काढावा असेच मी म्हणेन, कारण शून्य सालात उभा राहिलेला पुस्तकांचा ढीग डोळ्यांत भरतो आणि दुरुस्ती कुठून सुरू करायची ते सांगतो. चौकटीमागे तीच चूक वर्षानुवर्षे लपून राहते.

दुसरा धोका मला मोठा वाटतो. बापूजी अणे यांनी 1918 मध्ये यवतमाळहून ‘लोकमत’ सुरू केले. आज हे नाव शोधा, ताज्या बातम्यांचा पूर येतो आणि जुने नियतकालिक तळाशी जाते. काळाची साधी पट्टी असती तर दोन ढीग वेगळे दिसले असते. पण समजा त्या पट्टीवर 1918 जवळ काहीच दिसले नाही, तर वाचक काय समजेल? छापलेच गेले नाही, की अंक जपले गेले नाहीत, की कोणी स्कॅन केले नाहीत? संग्रहाचे चित्र हे संग्रह करणाऱ्याचेही चित्र असते. 1867 च्या कायद्यानुसार छापील पुस्तकांच्या याद्या प्रांतवार होत. नागपुरात छापलेले मराठी पुस्तक मध्य प्रांताच्या यादीत जाई, मुंबई इलाख्याच्या नव्हे. फक्त मुंबईच्या यादीवरून मराठी ग्रंथांचा नकाशा काढला तर नागपूर ओसाड दिसेल. ऑस्ट्रेलियाचे मिचेल व्हाइटलॉ यांनी 2015 मध्ये उदार मांडणीची कल्पना मांडली: वाचकाने विचारण्याआधीच संग्रहाने आपले वैभव समोर ठेवावे. मला ती पटते, पण वैभवाबरोबर आपली भोकेही ठेवावीत असे मी त्यात जोडीन. न स्कॅन झालेल्या वर्षांची जागा कोरी न सोडता तिथे वेगळ्या रंगाची रेघ ओढावी.

यासाठी परदेशी यंत्रणेची वाट पाहण्यात अर्थ नाही. गूगलने 2010 मध्ये पुस्तकांतल्या शब्दांचा काळानुसार आलेख देणारी सोय काढली, तिच्या भाषांच्या यादीत मराठी नाही.

त्या मुलाने विषय बदलला नाही. आम्ही एका मोठ्या कागदावर आडवी रेघ ओढली, तिच्यावर 1853, 1905, 1956, 1960 ही साले मांडली आणि प्रत्येक टप्प्याखाली गावाचे, तालुक्याचे, जिल्ह्याचे, प्रांताचे त्या वेळचे नाव व स्पेलिंग लिहिले. ती नावे घेऊन तो पुन्हा त्याच तीन संग्रहांत गेला. संध्याकाळी फोन आला, “काका, प्रिंटचे पैसे पुरणार नाहीत.”