'आशियाई' रुग्ण म्हणजे कोण? : मधुमेहजन्य मूत्रपिंडविकारावरील औषध-चाचण्यांचे एक वाचन

मधुमेहजन्य मूत्रपिंडविकाराच्या चर्चेत 'आशियाई रुग्णांना अमुक औषध अधिक लागू पडते' असे विधान सहजपणे केले जाते. प्रस्तुत टिपणाचा रोख त्या विधानातील 'आशियाई' या शब्दावर आहे. कणकवलीसारख्या तालुक्याच्या गावी औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला या शब्दाचा नेमका किती उपयोग होतो, हा प्रश्न आहे.

या संदर्भात 'रेनाल' ही चाचणी महत्त्वाची आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत १५१३ रुग्णांवर लोसार्टनची परीक्षा झाली. क्रिएटिनिन दुप्पट होणे, मूत्रपिंड निकामी होणे किंवा मृत्यू यांचा एकत्रित धोका त्यात १६ टक्क्यांनी घटला. २००४ साली यांतील २५२ आशियाई रुग्णांचे स्वतंत्र विश्लेषण प्रसिद्ध झाले. तेथे ही घट ३५ टक्के दिसली. दुपटीहून मोठा हा आकडा लक्षात राहतो, परंतु तो मूळ चाचणीच्या एका लहान तुकड्यातून आलेला आहे, हे विसरले जाते. पुढे २०११ साली जपान व हाँगकाँगमधील ५६६ रुग्णांवरील 'ओरिएंट' चाचणीत, त्याच वर्गातील ओल्मेसार्टनचा मुख्य निष्पत्तीवर लक्षणीय परिणाम आढळला नाही. त्यातील बहुतेक रुग्ण आधीच एसीई-रोधक घेत होते, म्हणून दोहोंची तुलना सरळ नाही, हे मान्यच. तथापि 'आशियाईंना अधिक लागू पडते' हा निष्कर्ष किती नाजूक पायावर उभा आहे, ते यातून दिसते.

वस्तुतः टोकियोचा रुग्ण आणि मालवणचा रुग्ण यांना एका रकान्यात घालण्यास भूगोलाखेरीज दुसरा आधार नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच उदाहरणे देऊन हा मुद्दा मांडला होता : दोघांचाही देहभारांक २२.३, मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. 'कृश पण मेदयुक्त' अशा या देहयष्टीत स्नायू कमी असतात, आणि क्रिएटिनिन तयार होते ते स्नायूंतच. परिणामी रक्तातील क्रिएटिनिन कमी भरते व सूत्राने काढलेली गाळणक्षमता प्रत्यक्षाहून चांगली दिसते. औषध सुरू करावे की नाही, मात्रा किती द्यावी, हे याच आकड्यावर ठरते. २००९ च्या प्रचलित सूत्रात कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक होता. २०२१ मध्ये तो वगळण्यात आला. भारतीय मात्र 'इतर' या सदरातच राहिले होते.

म्हणजे ज्याला आपण औषधाला मिळणारा वेगळा प्रतिसाद म्हणतो, त्यातील काही भाग मोजमापाचा दोष असू शकतो. काही भाग आहाराचाही असतो. लोसार्टनसारख्या औषधाने रक्तातील पोटॅशियम वाढू शकते. त्यात मूत्रपिंड दुबळे असलेला रुग्ण पथ्य समजून रोज शहाळे घेऊ लागला, तर धोका वाढतो. किनाऱ्यावरच्या डॉक्टरने विचारावा असा हा प्रश्न कोणत्याही वांशिक रकान्यात सापडणार नाही.

सगळेच चित्र निराशाजनक आहे, असे नाही. २०२० च्या 'डापा-सीकेडी' चाचणीत सहभागी २१ देशांत भारत होता. त्याच वर्षी डापाग्लिफ्लोझिनचे येथील मूळ पेटंट संपून स्वस्त पर्याय बाजारात आले. पण स्वस्त गोळी द्यायची कोणाला, हे ठरवण्यासाठी लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी वेळीच व्हावी लागते. जनुकांवर परिसंवाद भरवणे त्या मानाने सोपे!

आयसीएमआर-इंडियाब सर्वेक्षणाच्या २०२३ मधील निष्कर्षांनुसार शेजारच्या गोव्यात मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आहे. सिंधुदुर्गात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील शरीरक्रियाशास्त्र विभाग आणि आपल्या महाविद्यालयांचे संख्याशास्त्र विभाग यांनी मिळून, जिल्ह्यातील काही शे मधुमेही रुग्णांत क्रिएटिनिनबरोबर स्नायूंवर फारसे अवलंबून नसलेले सिस्टॅटिन-सी मोजले, तर प्रचलित सूत्र येथे किती चुकते, हे तपासता येईल.