कथा सांगायचा हक्क

ऑस्ट्रेलियाच्या नकाशात जवळपास मधोमध ॲलिस स्प्रिंग्ज हे गाव आहे. तिथले मूळ रहिवासी अरन्टे लोक त्याला म्पार्न्ट्वे म्हणतात. सिडनी-मेलबर्नच्या भव्य कलादालनांपुढे इथलं 1984 साली सुरू झालेलं अरलुएन कलाकेंद्र लहानच म्हणायचं. पण मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल कलेची आजची प्रकृती जाणून घ्यायची, तर मोठ्या संग्रहालयांच्या आधी अरलुएनकडे बघायला हवं. 1991 पासून दरवर्षी इथे ‘डेझर्ट मॉब’ हे प्रदर्शन भरतं, आणि तिथे चित्रं एकटी येत नाहीत. ती काढणारी माणसं, त्यांची मुलंबाळं, नातलग असा सगळा गोतावळा येतो.

वाळवंटातल्या दूरदूरच्या वस्त्यांमध्ये ॲबोरिजिनल लोकांच्या मालकीची कलाकेंद्रं आहेत. रंग-कॅनव्हास पुरवायचा, प्रत्येक कामाची नोंद ठेवायची, विक्री करायची आणि कलाकाराला त्याचा वाटा पोचवायचा, हे काम ती करतात. ‘डेझार्ट’ ही त्यांची संघटना. प्रदर्शनाच्या जोडीला परिसंवाद असतो, त्यात कलाकार स्वतः आपल्या कामाबद्दल बोलतात. शिवाय बाजार भरतो, त्यात सामान्य माणसालाही परवडेल अशी कामं थेट केंद्रांकडून विकत मिळतात. प्रदर्शन, चर्चा आणि बाजार एकत्र आल्यामुळे बघणाऱ्याला चित्रामागचा माणूस भेटतो. या आयोजनाचं खरं बळ मला त्यातच दिसतं.

ठिपक्यांची चित्रं म्हणजेच ॲबोरिजिनल कला, हा समज इथे फार टिकत नाही. हर्मन्सबर्ग वस्तीतल्या कुंभार स्त्रिया मडक्यांच्या झाकणांवर पक्षी-प्राणी घडवतात. ‘चान्पी’ म्हणजे वाळकं गवत. त्या गवतापासून टोपल्या आणि शिल्पं विणणाऱ्या ‘चान्पी डेझर्ट विव्हर्स’च्या बायकांनी गवताची अख्खी टोयोटा गाडी विणली आणि 2005 साली देशातला ॲबोरिजिनल कलेचा मानाचा पुरस्कार मिळवला. यरेन्टी आर्ल्टेरे केंद्रातले कलाकार जुन्या लोकरी ब्लँकेटांना रानातल्या वनस्पतींचा रंग देऊन त्यांच्या बाहुल्या शिवतात. हर्मन्सबर्गच्या परिसरातल्या डोंगरांची जलरंगातली निसर्गचित्रं आजही काढली जातात, आणि ती परंपरा थेट चित्रकार अल्बर्ट नामाच्चिरा (1902–1959) यांच्यापर्यंत जाते.

ठिपक्यांचा इतिहास मात्र नीट सांगायला हवा. ॲलिस स्प्रिंग्जपासून सुमारे 240 किलोमीटरवरच्या पपुन्या वस्तीत 1971 साली जेफ्री बार्डन हे शिक्षक आले. त्यांच्या प्रोत्साहनाने तिथल्या ज्येष्ठ पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मध-मुंगीची कथा रंगवली. वाळूवर आणि अंगावर उमटणाऱ्या खुणा मग लाकडी फळ्यांवर, पुढे कॅनव्हासवर आल्या. 1972 साली ‘पपुन्या तुला’ ही कलाकारांची कंपनी उभी राहिली. पण या खुणा म्हणजे नुसती नक्षी नव्हती. ‘चुकुर्पा’, म्हणजे पूर्वजांनी भूमी घडवली त्याच्या कथा आणि त्यातून आलेला कायदा, त्यांत सामावलेला होता. त्यातला काही भाग फक्त दीक्षा घेतलेल्या पुरुषांनीच पाहावा असा होता. सुरुवातीच्या फळ्यांवर तो उघडा पडला, तेव्हा शेजारच्या समूहांनी तीव्र आक्षेप घेतला. पुढे काय दाखवायचं आणि काय झाकायचं याचा विचार करताना ठिपक्यांचा पडदा दाट होत गेला. बाहेरच्यांना ज्या शैलीची भुरळ पडली, तिच्या मुळाशी काहीतरी न सांगण्याचा निर्णय होता.

म्हणूनच 2017 साली डार्विनच्या संग्रहालयात झालेलं ‘चुंगुनुच्चा’ हे प्रदर्शन मला महत्त्वाचं वाटतं. तिथे पपुन्याच्या सुरुवातीच्या फळ्या मांडल्या होत्या, पण लोकांपुढे कोणत्या ठेवायच्या आणि कोणत्या नाहीत, हे ठरवताना समाजातल्या ज्येष्ठांचा सल्ला घेतला गेला. संग्रहालयाने आपल्याकडचा ठेवा दाखवण्याचा मोह आवरला. प्रदर्शन मांडणाऱ्याला हा संयम शिकावा लागतो. अरलुएनच्या शेजारीच स्ट्रेलो संशोधन केंद्र आहे. तिथे जपलेल्या पवित्र वस्तू लोकांपुढे मांडल्या जात नाहीत. एकाच आवारात दाखवणं आणि न दाखवणं, दोन्ही सुखाने नांदू शकतं.

बाजाराची गोष्ट मात्र सुखाची नाही. क्लिफर्ड पॉसम चापलचारी यांचं ‘वार्लुगुलाँग’ हे चित्र 1977 साली 1,200 डॉलरला विकलं गेलं होतं. 2007 साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने ते 24 लाख डॉलरला घेतलं. चित्रकार 2002 सालीच वारले होते, आणि पुनर्विक्रीतला वाटा कलाकाराला देणारा कायदा तेव्हा नव्हता. तो 2010 साली लागू झाला. हजार डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीच्या पुनर्विक्रीवर आता पाच टक्के वाटा मिळतो. नामाच्चिरांच्या बाबतीत तर अन्याय आणखी ढळढळीत. त्यांच्या चित्रांचे हक्क 1983 साली सरकारी विश्वस्ताने एका प्रकाशकाला 8,500 डॉलरमध्ये विकून टाकले. ते परत मिळवायला कुटुंबाला 2017 साल उजाडावं लागलं. शिवाय नकली मालाचा सुळसुळाट आहेच. 2022 साली सरकारी उत्पादकता आयोगाने सांगितलं, की ॲबोरिजिनल शैलीच्या स्मरणवस्तूंवर गिऱ्हाईक जो खर्च करतं, त्यातला निम्म्याहून जास्त पैसा नकली मालावर जातो. अशा बाजारात कलाकेंद्राच्या टेबलापाशी उभं राहून केलेल्या खरेदीला मोल आहे. पैसा कुठे जातो ते तिथे दिसतं.

समीक्षेबद्दलही बोलायला हवं, कारण तिथे ढिलाई आहे. एमिली कामे ङ्वारेये या मध्य ऑस्ट्रेलियातल्या युटोपिया भागातल्या चित्रकार. त्यांनी 1988 साली वयाच्या सत्तरीनंतर कॅनव्हास हाती घेतला आणि 1996 साली मृत्यू येईपर्यंतच्या आठ वर्षांत प्रचंड काम केलं. त्यांच्याविषयी लिहिणारे एकतर पाश्चात्त्य अमूर्त चित्रकारांशी तुलना करतात, किंवा भिंतीवरच्या चिठ्ठीतली कथा उतरवून घेतात. दोन्हीकडे चित्र बघायचं राहून जातं. 1995 चं ‘बिग याम ड्रीमिंग’ घ्या. आठ मीटर रुंदीच्या काळ्या कॅनव्हासवर पांढरी रेषा वळत, फुटत, पुन्हा स्वतःलाच येऊन मिळते. जमिनीखाली पसरणाऱ्या कंदाच्या मुळांची ती वाट आहे. ‘कामे’ हे त्यांचं नावही त्या कंदाच्या बीवरूनच आलेलं. रेषेची चाल आणि कंदाची चाल एकच आहे हे ज्याने पाहिलं, त्याने हे चित्र वाचलं. आदरापोटी प्रत्येक कामाला सारखंच थोर म्हणणाऱ्या समीक्षकाने चित्रकाराला चित्रकार म्हणून अजून मान दिलेला नाही. डेझर्ट मॉबच्या भिंतींवर उत्कृष्ट कामं असतात, तशी बाजाराची मागणी ओळखून केलेली, तोचतोपणा आलेली कामंही असतात. हे म्हणण्यात कसलाही अनादर नाही.

हक्काचा प्रश्न फक्त चित्रांपुरता नाही. ॲलिस स्प्रिंग्जमध्ये ॲबोरिजिनल कलेचं राष्ट्रीय दालन उभारण्याची योजना वर्षानुवर्षं रखडली, कारण सरकारने निवडलेल्या जागेला भूमीच्या काही पारंपरिक राखणदारांचा विरोध होता. इमारत कुठे उभी राहावी हा प्रश्नही चुकुर्पाचाच भाग आहे, हे विसरून चालत नाही.

हे सारं मला इतकं जवळचं वाटतं, त्याला एक कारण आहे. 1989 साली पॅरिसमधल्या ‘मॅजिशियन द ला तेर’ या प्रदर्शनात मध्य ऑस्ट्रेलियातल्या युएन्डुमू वस्तीच्या चित्रकारांनी जमिनीवर चित्र मांडलं, आणि त्याच प्रदर्शनात आपले वारली चित्रकार जिव्या सोमा मशे होते. पपुन्यात बार्डन आले त्याच सुमारास, सत्तरच्या दशकात, चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर कागद आणि रंग घेऊन गेले होते. लग्नाच्या भिंतीवरचा चौक तिथून कागदावर आला आणि पुढे जगभर पोचला. पुढची वाट मात्र वेगळी झाली. आज वारली आकृती चादरींवर, कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर सर्रास दिसते, आणि ती कुणी काढली हे विचारावंसं कुणाला वाटत नाही. डहाणू-जव्हारच्या पट्ट्यात वर्षातून एकदा तरी असं प्रदर्शन भरावं, जिथे काय मांडायचं, काय झाकायचं आणि भाव काय लावायचा, हे वारली चित्रकारच ठरवतील. चौकाशेजारी उभं राहून त्याचा अर्थ तो काढणाऱ्या बाईच्याच तोंडून ऐकायला मिळेल. आणि एखादी गोष्ट तिला सांगायची नसेल, तर आपणही ती विचारणार नाही.