‘तुम्ही कोण?’ : एक टॅक्सी, एक बैलगाडी आणि क्वामे अँथनी अप्पिया



आजचं व्याख्यान एका पुस्तकावर आणि त्याच्या लेखकावर आहे. पण सुरुवात एका यादीपासून करू. ब्रिटनमध्ये नावारूपाला आलेल्या, पण मुळं घानात असलेल्या माणसांची यादी काढली तर ती चांगलीच लांबते. २००२ मध्ये ब्रिटनच्या कॅबिनेटमध्ये बसलेले पहिले कृष्णवर्णीय मंत्री पॉल बोटेंग. २०१७ मध्ये ब्रिटिश ‘व्होग’च्या संपादकपदावर आलेले एडवर्ड एनिनफुल. लेखिका-अभिनेत्री मिकेला कोल. २०२२ मध्ये जेमतेम काही आठवडे अर्थमंत्री राहिलेले क्वासी क्वार्टेंग. आणि फार मागे गेलो तर ओटोबा कुगोआनो. आजच्या घानातून लहानपणी पळवून नेलेला, गुलाम म्हणून विकलेला, आणि १७८७ मध्ये गुलामगिरीविरुद्ध इंग्रजीत पुस्तक छापणारा हा माणूस.

आता यांच्यात समान काय? बोटेंग मजूर पक्षाचे, क्वार्टेंग हुजूर पक्षाचे. बोटेंग यांची आई स्कॉटिश, कुगोआनोच्या वेळी तर ‘घाना’ नावाचा देशच नव्हता. तरी यादी होते, वाचणारा सुखावतो. यात हसण्यासारखं काही नाही, आपणही तेच करतो. २०१७ मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा मालवण तालुक्यातलं वराड हे गाव एका दिवसात महाराष्ट्रभर ठाऊक झालं. गृहस्थ जन्माने आणि वाढीने आयरिश, पण आपल्याला त्यांच्या आडनावातला ‘कर’ पुरला.

हे ‘आपला माणूस’ प्रकरण नेमकं काय असतं, याचा सर्वांत नेटका विचार ज्याने केला, तो याच यादीतला एक तत्त्वज्ञ आहे : क्वामे अँथनी अप्पिया. जन्म लंडनचा, १९५४ चा. बालपण घानातल्या कुमासी शहरात, पीएच.डी. केंब्रिजची, आणि नंतरची जवळजवळ सगळी अध्यापकी अमेरिकेत. ‘क्वामे’ म्हणजे शनिवारी जन्मलेला. ‘क्वासी’ म्हणजे रविवारचा. आपल्याकडे सोमा, मंगळू, बुधाजी अशी नावं ठेवायचे ना, तसंच. २०१६ मध्ये बीबीसीच्या रीथ व्याख्यानमालेत ते ओळख या विषयावर चार व्याख्यानं बोलले, आणि त्यातूनच २०१८ चं पुस्तक झालं, ‘द लाइज दॅट बाइंड’. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून व्याख्यानाचं पुस्तक होणं आपल्याला नवं नाही. म्हणून हे पुस्तक आपल्याला ओळखीचं वाटतं. ते समोर बसलेल्यांना उद्देशून बोलतं.

सातारा-सांगलीच्या श्रोत्यांशी या लेखकाचा आणखी एक धागा आहे. अप्पियांची आई पेगी ही सर स्टॅफर्ड क्रिप्स यांची मुलगी. होय, तेच क्रिप्स. मार्च १९४२ मध्ये ते योजना घेऊन दिल्लीला आले, ती योजना फसली, ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची हाक आली आणि पुढच्या वर्षापासून आपल्या भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. ज्या साम्राज्याच्या वतीने क्रिप्स बोलणी करत होते, त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या एका वसाहतीतल्या जो अप्पिया या तरुणाशी त्यांच्या मुलीने १९५३ मध्ये लंडनमध्ये लग्न केलं. हे जो अप्पिया पुढे स्वतंत्र घानात विरोधी पक्षाचे नेते झाले आणि एन्क्रुमा यांच्या राजवटीत तुरुंगातही गेले. म्हणजे आमचा लेखक सुखवस्तू घरातला असला, तरी राजकारणाची झळ त्या घराला लागलेली आहे, हे ध्यानात ठेवू.

आता सिद्धांत. अप्पिया म्हणतात, कोणत्याही सामाजिक ओळखीचे तीन भाग असतात. एक, नाव किंवा शिक्का, आणि तो कोणाला लावायचा याचे ढोबळ नियम. दोन, त्या शिक्क्यामुळे माणूस स्वतः कसं वागायचं ठरवतो. तीन, त्या शिक्क्यामुळे इतर लोक त्याला कसं वागवतात. या तिन्हींच्या खाली एक समजूत दडलेली असते की अशा सगळ्या माणसांच्या आत काहीतरी एकच ‘सत्त्व’ आहे. ही समजूत खोटी आहे, हा पुस्तकाचा गाभा. असत्य खरं, पण बांधून ठेवणारं असत्य.

आमच्या मते एवढा भाग निर्विवाद आहे, आणि त्याला पुरावा आपल्याच जिल्ह्यांत सापडतो. प्रतिसरकारचं मोठं केंद्र कुंडल. ते तेव्हा औंध संस्थानात होतं, आज ते सांगली जिल्ह्यात आहे आणि इतिहासात चळवळ नोंदली गेली ती साताऱ्याच्या नावाने. नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ मध्ये जिल्हा तोडून उत्तर आणि दक्षिण सातारा केले, १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. कोणाच्या रक्तात काही बदललं नाही, फक्त सरकारी कागद बदलला. तरी आज सांगलीकर आणि सातारकर एकमेकांच्या बोलण्यावर आणि जेवणावर कशा कोट्या करतात ते तुम्ही जाणताच. शिक्का कृत्रिम असतो आणि तरीही तो जगला जातो, हे अप्पियांचं म्हणणं इथे तंतोतंत लागू पडतं.

आमचा मतभेद सुरू होतो तो पुस्तकाच्या पहिल्याच पानांवर. अप्पिया सांगतात, जगभर टॅक्सीचालक त्यांना विचारतात, तुम्ही कुठले? साओ पावलोमध्ये ते ब्राझीलचे वाटतात, रोममध्ये इथिओपियाचे. लंडनमध्ये तर एका चालकाला पटेचना की यांना हिंदी येत नाही! प्रसंग गमतीचे आहेत, आणि शिक्के किती डळमळीत असतात हे त्यांतून छान कळतं. पण एक गोष्ट पाहा. यातल्या प्रत्येक प्रसंगात उत्तर काहीही दिलं तरी टॅक्सी पुढे जाते.

आता दुसरं वाहन. १९०१ साल, सातारा जिल्ह्यातलं मसूर रेल्वे स्टेशन. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा आपल्या भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून आगगाडीने उतरला आहे. वडील गोरेगावला नोकरीस. पत्र वेळेत न मिळाल्याने घ्यायला कोणी आलेलं नाही. पोरांचे कपडे नीटनेटके आहेत. स्टेशनमास्तर आपुलकीने विचारतो, तुम्ही कोण? मुलगा खरं ते सांगतो, आम्ही महार. मास्तरचा चेहरा बदलतो. बाहेर बैलगाड्या उभ्या आहेत, पण विटाळाच्या भीतीने एकही गाडीवाला तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाडं ठरतं, तेही अशा अटीवर की गाडी पोरांनी हाकायची आणि गाडीवान पायी चालणार. शिदोरी सोबत आहे, पाणी नाही. रात्री टोलनाक्यावर गाडीवानाच्या सल्ल्याने मुलगा आपण मुसलमान असल्याचं सांगतो, उर्दूही अस्खलित बोलतो. पाणी मिळत नाही ते नाहीच. पोरं उपाशी झोपतात. हा मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. आदल्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, साताऱ्याच्या शाळेत त्याचं नाव दाखल झालेलं होतं. ही हकीकत बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात स्वतः लिहून ठेवली आहे.

टॅक्सीत आणि बैलगाडीत प्रश्न एकच आहे. पण अप्पियांच्या टॅक्सीत उत्तर म्हणजे फक्त माहिती. मसूरच्या फलाटावर उत्तर म्हणजे भाडं, पाणी आणि रात्रीचं जेवण. इथे तीन भागांचा क्रमच उलटा होतो. अप्पिया शिक्क्यापासून सुरू करतात आणि वागणुकीपर्यंत येतात. जातीच्या तळाशी असलेल्या माणसाला आधी वागणूक कळते, शिक्क्याचा अर्थ मागाहून समजतो. आणि टोलनाक्याचा प्रसंग तर सिद्धांताला आणखी अडचणीत टाकतो. शिक्का पोकळ आहे हे त्या मुलाने कृतीने दाखवून दिलं, दुसरा शिक्का सहज लावला. असत्य उघडं पडलं, तरी बंधन सुटलं नाही. कारण ते बंधन कोणाच्या चुकीच्या समजुतीत नव्हतं. ते गाडी कोणाची आणि पाण्याचं भांडं कोणाच्या हातात, यात होतं.

अप्पियांवर अन्याय नको. ओळखी टाकून द्या, असं ते कुठेही म्हणत नाहीत. त्या आपल्याला लागतात, पण त्यांची घडी बदलायला हवी, असं म्हणतात. वर्गावर त्यांनी स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे, गुणवत्तेच्या नावाखाली जन्माचे फायदे कसे पुढे सरकतात तेही त्यात आहे. तरीही पुस्तक मिटताना मनात राहतं ते एक आवाहन : या ओळखी जरा सैल धरा. ज्याच्या एका बाजूला क्रिप्स घराणं आणि दुसऱ्या बाजूला कुमासीतलं मातब्बर कुटुंब आहे, त्याला ओळख सैल धरणं परवडतं. सैल धरण्यासाठी आधी हातात काहीतरी असावं लागतं.

हा वाद पुस्तकी नाही. जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांची नोंद शोधत तहसील कचेरीच्या खेपा घालणारी मुलं तुमच्या गावात आहेत. २०२५ च्या मराठा आंदोलनात तर ‘सातारा गॅझेट’ हे शब्द घरोघरी पोचले, शे-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कागदावर ‘कुणबी’ लिहिलंय की ‘मराठा’ यावर आजच्या पोराचं शिक्षण आणि नोकरी अवलंबून आहे म्हणून. त्या मागणीच्या बाजूने किंवा विरोधात बोलण्याची ही जागा नव्हे. पण सत्त्व नसतं हे ठाऊक असूनही कायद्याला शिक्का लागतो. कारण ज्या शिक्क्यावरून अन्याय झाला, तो शिक्का वाचल्याशिवाय भरपाई कोणाला द्यायची हे ठरत नाही. ‘शिक्के खोटे आहेत’ एवढं म्हणून थांबलो, तर अन्यायाचा हिशेबच पुसला जाण्याचा धोका आहे. अप्पियांच्या पुस्तकात या अडचणीला पुरेशी जागा नाही, हा आमचा मुख्य आक्षेप.

मग वाट कोणती? ग्रंथात नसलेली एक वाट साताऱ्यात घातली गेली आहे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. भाऊराव जैन कुटुंबातले, जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा, आणि काम सगळं साताऱ्याच्या मातीत. त्या बोर्डिंगात वेगवेगळ्या जातींची पोरं एकत्र राहिली, एका पंगतीला बसली, कष्ट करून शिकली. भाऊरावांनी पोरांना ‘तुमच्या जाती खोट्या आहेत’ असं व्याख्यान देऊन भागवलं नाही. त्यांनी ताट आणि पाणी यांची व्यवस्था बदलली. पोराची जात काय हे ठाऊक असायचं, पण त्यावरून त्याची भाकरी ठरत नव्हती. तीन भागांतला तिसरा भाग, वागणूक, तो त्यांनी आधी हातात घेतला. आमच्या मते अप्पियांच्या सिद्धांताला हवी असलेली दुरुस्ती हीच आहे.

तेव्हा पुस्तक जरूर वाचा. आणि वाचून झालं की स्वतःकडे पाहा. आपण नव्या माणसाला सहज विचारतो, ‘गाव कोणतं? आडनाव काय?’ विचारू नये असं आम्ही म्हणणार नाही, आपल्याकडे ओळख तशीच निघते. पण आपण त्या वेळी भाड्याने खोली देणारे आहोत का, नोकरीची मुलाखत घेणारे आहोत का, मुलीसाठी स्थळ पाहणारे आहोत का, हे आधी बघावं. तसं असेल तर गाडी आपल्या ताब्यात आहे आणि समोरचा मसूरच्या फलाटावर उभा आहे. त्याचं उत्तर ऐकून आपण काय करतो, यावरून पुढचं ठरतं.

प्रश्न असतील तर अवश्य विचारा. आम्ही इथे थांबतो.