पाण्यावरची रेघ

धर्माबादचा एक पोरगा चित्रकला शिकतो. सुट्टीत गावी आला तेव्हा म्हणाला, "दादा, निसर्गातून प्रेरणा घेऊन अमूर्त चित्रांची मालिका करायचीय. मास्तर म्हणतात, पाण्याकडं बघ, मातीकडं बघ, नाव विसर, रूप विसर. आपले पोरं म्हणतात, हे काय फासून ठेवलंस, बाबासाहेब काढ. मी काय करू?"

मित्रांनो, प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. आपल्याकडं कविता आली, कथा आली, आत्मकथन आलं. गाणं तर आधीपासूनच होतं. चित्राला मात्र आपण बहुतेक वेळा पोस्टरवर नि भिंतीवर राबवलं. अमूर्त म्हटलं की 'भरल्या पोटाचे चाळे' म्हणून मोकळे झालो. हे नीट तपासलं पाहिजे.

अमूर्त चित्र म्हटलं की मराठी माणूस वासुदेव गायतोंडे यांचं नाव घेतो. जन्म नागपूरचा, १९२४ चा. वाढले गिरगावच्या चाळीत, शिकले जे. जे. मध्ये. रोलर आणि सुरी घेऊन रंगावर रंग चढवायचे, खरवडायचे, थांबायचे. वर्षाकाठी मोजकीच चित्रं व्हायची. २००१ साली गेले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन लागलं आणि २०१५ साली मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र २९ कोटींच्या वर गेलं. आपण निसर्ग काढतो असा त्यांचा दावा नव्हता. 'अमूर्त' हा शब्दही त्यांना पटत नसे. तरी बघणाऱ्याला तिथं समुद्र दिसतो, धुकं दिसतं, पाण्यातून वर येणारा उजेड दिसतो.

ती शांतता खोटी आहे असं मी म्हणणार नाही. माणसानं जन्म घालून ती कमावली. माझं भांडण आहे ते तिच्याभोवती जमणाऱ्या पांढरपेशा समीक्षेशी. ही समीक्षा सांगते, पाणी, माती, उजेड, वारा ही सगळ्यांची. तिथं माणसाचा इतिहास संपतो आणि शुद्ध सौंदर्य सुरू होतं.

कुणाचा इतिहास संपतो? २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यायले. त्यानंतर सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी ओतून ते तळं 'शुद्ध' केलं. पाणी तेच, रंग तोच. पाण्यावर रेघ उठत नाही म्हणतात. इथं उठली होती, ती डोळ्यांना दिसत नव्हती एवढंच. ज्यांनी आकार नसलेली, रंग नसलेली रेघ पिढ्यान्‌पिढ्या पाळायला लावली, त्यांनी आम्हाला अमूर्त म्हणजे काय ते शिकवू नये. ती रेघ आमच्या बापजाद्यांना न दाखवता दिसायची.

उजेडाचंही तसंच. १९७८ ला नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळाल्या. आमच्याच नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंचा जीव गेला. त्या रात्री लांबून नुसता तांबडा उजेड बघणाऱ्याला कदाचित तो सुंदरही दिसला असेल. लांबून बघितलं की पुष्कळ गोष्टी अमूर्त होतात.

आणि धर्माबादची गोदावरी? बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे कधी टाकायचे, कधी उघडायचे हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानं ठरलं. १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे. म्हणजे नदीसुद्धा तारखेनं अडते नि तारखेनं सुटते. आता सांगा, यात निसर्ग कुठं संपतो आणि माणूस कुठं सुरू होतो?

मग अमूर्ताला नकार द्यायचा का? नाही. इथं आपल्या पोरांशीही माझं जमत नाही. माणसाची आकृती पाहिजेच. सवी सावरकरांनी गळ्यात मडकं बांधलेला माणूस चित्रात आणला, ते काम दुसऱ्या कुणी केलं नसतं. पण तेवढंच काढा असा हुकूम सोडायचा आपल्याला काय अधिकार? मास्तरच्या जागी आपण बसलो एवढाच त्याचा अर्थ.

शिवाय रूप सोडवून बघणं ही परक्याची गोष्ट नाही. सतिपठ्ठान सुत्तात बुद्ध भिक्खूंना सांगतात, की या देहाकडं पृथ्वी, आप, तेज, वायू अशा धातूंच्या रूपात बघा. आणि दाखला देतात तो चौकात गाय कापून वाटे लावून बसलेल्या खाटकाचा. कमळाचा नव्हे, चांदण्याचा नव्हे. वाटे लावल्यावर 'गाय' हे नाव गळतं, तसं देहावरचं 'मी' गळतं. त्या चार धातूंत बामण शोधून सापडत नाही, महारही सापडत नाही. नाव पुसायचं ते असं. जात पुसली जाते, हात मात्र पुसला जात नाही. खाटकाचा हात तिथंच असतो.

म्हणून त्या पोराला मी म्हणालो, मोंढ्यावर जा. धर्माबादची मिरची सगळीकडं जाते. ढिगाचा लाल एक नसतो. ओल्या मालाचा वेगळा, वाळल्याचा काळपट, डागी मालाचा पांढुरका. देठं खुडणाऱ्या बायांच्या बोटांची आग घरी भाकरी थापतानाही जात नाही. तो लाल तुझा. पण मिरचीची भुकटी कॅनव्हासला चिकटवलीस की चित्र झालं असं समजू नको. ती युक्ती झाली. खाली घोषणेचं नाव लिहून आम्हाला खूश करू नको. चित्र उभं राहिलं नसेल तर नाव त्याला उभं करणार नाही. गायतोंड्यांकडून घ्यायचं ते हे, की थांबायचं, खरवडायचं, नाही जमलं तर टाकून द्यायचं. धीर काही भरल्या पोटाच्या मालकीचा नाही. आपल्या आयांकडं तो ढिगानं होता.

आणि कार्यकर्त्यांनो, जयंतीला विहाराच्या भिंतीवर त्यानं नुसता लाल पट्टा टांगला तर "हे काय आहे?" म्हणून हसू नका. दोन मिनिटं समोर उभे राहा. डोळे झोंबले तर चित्र आपलं. नाही झोंबले तर त्याला तोंडावर सांगा. तेवढी समीक्षा आपल्यालाही आली पाहिजे.