कौंतेय की राधेय? कर्णकथेतील पालक मातेविषयी

नाशिककर वि. वा. शिरवाडकरांनी कर्णावरील आपल्या नाटकास 'कौंतेय' (१९५३) हे नाव दिले. रणजित देसाई यांनी आपल्या कादंबरीस 'राधेय' (१९७३) म्हटले. एकाच पुरुषाची ही दोन मातृनामे. त्यांपैकी कोणते पत्करावे हा केवळ शीर्षकाचा प्रश्न नव्हे. जन्म आणि पालन यांतील कोणते नाते निर्णायक मानावे, हा वाद त्यात दडलेला आहे.

कर्णाच्या दुःखाचे मूळ कुंतीने केलेल्या त्यागात शोधण्याची आपल्याकडे प्रथाच पडली आहे. जॉन बोल्बी यांच्या १९५१ च्या अहवालानंतर या समजास शास्त्राचाही आधार मिळाल्यासारखे वाटू लागले. परंतु पुढील संशोधन अधिक सावध आहे. रुमानियातील अनाथालयांतून इंग्लंडमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा मायकेल रटर व त्यांचे सहकारी यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. वयाच्या सहा महिन्यांच्या आत घर लाभलेल्या बहुसंख्य मुलांत त्या आरंभीच्या हालांची खूण फारशी उरली नाही. त्यानंतर आलेल्यांपैकी अनेकांत मात्र ती टिकून राहिली. व्यासांचा कर्ण तर नुकता जन्मलेला असतानाच राधेच्या हाती आला. मग त्याची जखम कुठली? रंगभूमीवर, स्वयंवरात आणि सभेत 'सूतपुत्र' म्हणून जी अवहेलना वाट्यास आली, तिची. ती जखम समाजाने केली; पाळणाऱ्या घराने नव्हे.

उद्योगपर्वातील कृष्ण-कर्ण संवाद या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. कृष्ण धर्मशास्त्राचा आधार घेतो: कानीन पुत्र मातेच्या विवाहित पतीचाच ठरतो, म्हणून तू पांडव. कर्ण हा नियम खोडून काढीत नाही. तो वेगळाच पुरावा मांडतो. स्नेहाने राधेला तत्काळ पान्हा फुटला, तिने आपले मलमूत्र काढले, अधिरथाने जातकर्म केले, नाव ठेवले, विवाह लावून दिले. मातृत्वाचा इतका रोखठोक, घरगुती हिशेब आपल्या वाङ्मयात विरळाच. दत्तकाचा विचार वंश, पिंड आणि वतन यांच्याच संदर्भात करणाऱ्या परंपरेत हे उत्तर उठून दिसते.

शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय' (१९६७) या कादंबरीविषयी आमची तक्रार येथेच आहे. तिच्या नऊ खंडांपैकी चार कर्णाचे. उरलेले कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांचे. कुंतीला आपली बाजू मांडावयास संपूर्ण खंड लाभतो आणि वाचकाची सहानुभूतीही. राधा आणि अधिरथ यांना निवेदनाचा अधिकारच नाही. शोणाच्या मुखातून त्या घराचे दर्शन घडते हे खरे, आणि तो भाग लोभसही आहे. पण ती धाकट्या भावाची दृष्टी. नदीतून वाहत आलेली पेटी उघडून परक्याचे मूल छातीशी धरणाऱ्या, पुढे स्वतःचे पुत्र झाल्यावरही त्याला थोरला मानणाऱ्या स्त्रीला त्या वेळी काय वाटले, हे ती कादंबरी तिला विचारीत नाही.